एक पिस्तूल आणि दोन नळ्या, की दोन पिस्तुले?
नेमबाजीच्या खरेदीचा व्यापारी हिशेब

व्यापाराच्या या पानावर पिस्तुलाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हा विषय हत्याराचा कमी आणि भांडवलाचा अधिक आहे. नागपुरात इतवारी, गांधीबाग, मोमिनपुऱ्यातील दुकानदारांची मुले-मुली आता क्रिकेटखेरीज इतर खेळांकडेही वळत आहेत. २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगला सुवर्णपदक मिळवले. २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणले. तेव्हापासून नेमबाजी हा फक्त राजेरजवाड्यांचा शौक राहिला नाही. मूल दहा मीटरवर हवेच्या पिस्तुलाने चांगले गुण मिळवू लागते, मग शिकवणारे म्हणतात, आता पंचवीस मीटरकडे चला. येथे बापाच्या खिशाची कसोटी सुरू होते. हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. पंचवीस मीटरला खरे काडतूस, खरा परवाना आणि लाखांच्या घरातील परदेशी पिस्तूल लागते. अशा वेळी विक्रेता दोन वाटा दाखवतो. पहिली वाट म्हणजे नळी बदलून दोन बोअरमध्ये चालणारे एकच पिस्तूल, आणि दुसरी म्हणजे प्रत्येक बोअरचे वेगळे पिस्तूल.

यांपैकी कोणती वाट घ्यावी, याचा नफा-तोटा आम्ही येथे मांडत आहोत. कारागीर बांधवांनाही यात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगायच्या आहेत. त्या शेवटी येतील, पण त्या वाचल्याशिवाय पान उलटू नये.

स्पर्धा किती, बोअर किती

आधी मागणी पाहावी, मग माल. पंचवीस मीटरवर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तुलाचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला महिलांचा पंचवीस मीटर पिस्तूल. हा १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. यात .२२ लाँग रायफल हे काडतूस चालते. तीस गोळ्या सावकाश नेम धरून आणि तीस गोळ्या झटपट मारायच्या असतात. दुसरा पुरुषांचा रॅपिड फायर. ८, ६ आणि ४ सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. हाही ऑलिंपिकमध्ये आहे आणि आज यातही .२२ लाँग रायफलच चालते. तिसरा स्टँडर्ड पिस्तूल. पाच गोळ्यांच्या फेऱ्या आधी १५० सेकंदांत, मग २० आणि शेवटी १० सेकंदांत पुऱ्या करायच्या असतात. काडतूस पुन्हा .२२.

चौथा सेंटर फायर. हा प्रकार .३० ते .३८ या दरम्यानच्या बोअरचा आहे. जगात बहुतेक नेमबाज यासाठी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस वापरतात. आपल्याकडे ९ मिलिमीटरचा बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, त्यामुळे .३२ हाच व्यवहारातला मार्ग ठरतो.

चारही प्रकारांत ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम आणि पिस्तुलाचे वजन कमाल १४०० ग्रॅम हीच मर्यादा आहे. नळीची लांबी १५३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे चारपैकी तीन प्रकार एकाच .२२ च्या पिस्तुलाने खेळता येतात. दुसऱ्या बोअरचा प्रश्न फक्त चौथ्यासाठी आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धा हिशेब येथेच सुटतो.

एका मुठीवर दोन नळ्या

दोन बोअरच्या पिस्तुलाची कल्पना नवी नाही. जर्मनीच्या वाल्थर कंपनीने १९६८ मध्ये जीएसपी हे पिस्तूल बाजारात आणले. त्याच्या एकाच खालच्या भागावर .२२ आणि .३२ असे दोन्ही वरचे भाग बसतात. स्वित्झर्लंडच्या हॅमर्ली कंपनीचे २८० हेही याच पद्धतीचे होते. इटलीच्या पार्दिनी कंपनीची .२२ आणि .३२ ची पिस्तुले आज सर्वत्र दिसतात.

यंत्राची रचना कारागीर बांधवांना लगेच समजेल. मूठ, फ्रेम आणि ट्रिगरची पेटी कायम राहते. नळी, बोल्ट, पुढची माशी, मागचा नेम आणि मॅगझिन बदलते. एकाच मोटारीवर आज पाते आणि उद्या घासणी लावावी, तसाच हा प्रकार आहे.

बदल दिसतो सोपा, पण काडतुसांत फार अंतर आहे. .२२ ची गोळी साधारण ४० ग्रेन वजनाची असते, तर .३२ ची जवळपास १०० ग्रेनची. धक्का वाढतो, स्प्रिंगवरचा ताण वाढतो आणि फ्रेमलाही जास्त मार बसतो. शिवाय या स्पर्धेच्या पिस्तुलात .३२ चे वॉडकटर काडतूसच चालते. त्याची गोळी कवचाच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते आणि ती कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडते. आपल्या सरकारी कारखान्याची .३२ ची साधी काडतुसे रिव्हॉल्व्हरसाठी असतात. त्यांची गोळी पुढे आलेली असल्याने ती या मॅगझिनमध्ये बसतच नाहीत. म्हणजे .३२ घेतले की काडतूस परदेशी आले, आणि परदेशी .३२ हे .२२ पेक्षा कितीतरी महाग पडते.

जोडपिस्तुलाच्या बाजूने

नळी बदलणाऱ्या पिस्तुलाचा पहिला फायदा पैशाचा. समजा, एक पूर्ण पिस्तूल सोळा आण्यांना आहे आणि दुसऱ्या बोअरचा वरचा भाग दहा आण्यांना. जोड सव्वीस आण्यांत होते, वेगळी दोन घेतली तर बत्तीस आणे लागतात. प्रत्यक्ष भाव कंपनीप्रमाणे वेगळे पडतील, पण सुटा भाग पूर्ण पिस्तुलापेक्षा स्वस्त असतो.

दुसरा फायदा हाताचा, आणि आमच्या मते हाच मोठा. नेमबाजीची मूठ प्रत्येकाच्या पंजाप्रमाणे घासून, भरून बसवलेली असते. ती बसायला महिने लागतात. बोट ट्रिगरवर कोठे पडते आणि दाब कोठे सुटतो, हे हाताला पाठ झालेले असते. तीच मूठ आणि तोच ट्रिगर ठेवून बोअर बदलला, तर सरावाची कमाई वाया जात नाही. स्वस्त .२२ वर वर्षभर सराव करावा आणि सेंटर फायरची स्पर्धा जवळ आली की थोडे आठवडे .३२ लावावे, असा मार्ग मोकळा होतो.

हा हिशेब काडतुसांच्या खर्चात उतरतो. दिवसाला १०० गोळ्या आणि महिन्याला २० दिवस धरले तरी महिन्याला २००० आणि वर्षाला २४,००० काडतुसे होतात. पिस्तूल एकदा विकत घ्यायचे असते, काडतूस रोज. ज्या व्यवस्थेत महाग काडतूस कमी आणि स्वस्त काडतूस जास्त खर्च होते, ती व्यवस्था दुकान तारते.

जोडपिस्तुलाच्या विरुद्ध

एका फ्रेमवर दोन कामे टाकली की फ्रेम बिघडली तर दोन्ही कामे बंद. दुकानदाराला हे समजावून सांगायला नको. दोन शिलाई यंत्रांपैकी एक बंद पडले तर अर्धे काम चालू राहते. दोन कामे करणारे एकच यंत्र बंद पडले तर ईदच्या तोंडावर गिऱ्हाईक परत जाते.

नेमबाजीत हा प्रसंग काल्पनिक नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे हवेचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि त्या अंतिम फेरीबाहेर राहिल्या. त्याच मनू भाकर यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली, पण टोकियोचा दिवस काही परत आला नाही. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल बिघडले तर ते दुरुस्त करायला किंवा बदलायला १५ मिनिटे मिळतात. त्या पंधरा मिनिटांत दुसरे पिस्तूल हाती असणे आणि नसणे, यात वर्षभराच्या मेहनतीचा फरक पडतो. नागपूरचा खेळाडू बालेवाडीला गेला असेल तर घरी राहिलेले सुटे भाग रात्रभराच्या प्रवासावर असतात.

दुसरी अडचण जुळवणीची. वरचा भाग बदलला की वजन आणि तोल बदलतो. नेम पुन्हा तपासावा लागतो, ट्रिगरचा दाब पुन्हा वजन लावून पाहावा लागतो. दर आठवड्याला आज हा, उद्या तो, अशी अदलाबदल करणाऱ्याचे गुण स्थिर राहत नाहीत. तिसरी अडचण घरातील. दोन भावंडे खेळत असतील तर एकाच फ्रेमवर दोघांचा सराव होत नाही. मुठीही दोघांच्या वेगळ्या लागतात.

परवान्याचे गणित

आपल्या देशात ही निवड पैशाइतकीच परवान्यावरही ठरते. नागपूर शहरात शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात, शहराबाहेर जिल्हाधिकारी. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये डिसेंबर २०१९ ला दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन बंदुकांवर आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती जमा करावी लागली. ज्या घरात आजोबांची बारा बोअरची बंदूक आधीच परवान्यावर आहे, त्या घरात जागा एकच उरते. अशा वेळी जोडपिस्तुलाचा मोह वाढतो.

खेळाडूंसाठी मात्र वेगळी सवलत आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या आणि नामवंत नेमबाजांना सवलतीत १२ पर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. कनिष्ठ आणि उमेदवार नेमबाजांना पूर्वी एक होते, तेथे दोन केले. म्हणजे मूल एका विशिष्ट दर्जाला पोहोचले की 'जागा नाही म्हणून जोड घ्या' हा विक्रेत्याचा मुद्दा लंगडा पडतो. आधी दर्जाचा कागद पाहावा, मग माल ठरवावा.

जोडपिस्तूल घेणाऱ्यांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. दुसरी नळी म्हणजे पाना-पकड नव्हे. ती मागवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि तिची नोंद कशी होणार, ते लेखीच घ्यावे. तोंडी 'चालून जाईल' यावर लाखाचा माल मागवू नये.

नियम बदलला की माल पडून राहतो

व्यापाऱ्याला सर्वांत मोठी भीती पडून राहणाऱ्या मालाची असते. नेमबाजीत ती दोनदा खरी ठरली आहे.

रॅपिड फायर हा प्रकार १८९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. अनेक वर्षे त्यासाठी .२२ शॉर्ट या छोट्या काडतुसाची खास पिस्तुले बनत. धक्का नगण्य, ट्रिगर हलका. २००५ मध्ये नियम बदलला, .२२ लाँग रायफल आणि १००० ग्रॅमचा ट्रिगर सक्तीचा झाला. महागडी खास पिस्तुले एका हंगामात कपाटात गेली. ज्यांच्या पिस्तुलाची नळी बदलता येत होती, त्यांचे नुकसान कमी झाले. दुसरे उदाहरण पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला आणि त्या एकाच कामाच्या पिस्तुलांची मागणी ओसरली.

सेंटर फायरचेही काहीसे असेच आहे. भारताने या प्रकारात मोठे नाव कमावले. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राचे अशोक पंडित यांनी सेंटर फायरचे सुवर्ण मिळवले. जसपाल राणा यांनी १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २००६ ला दोहा येथे ६०० पैकी ५९० गुण मिळवून त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतही भारताने यात सुवर्ण मिळवले. पण हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, आणि २०१८ पासूनच्या आशियाई स्पर्धांतही तो राहिला नाही. राष्ट्रीय स्पर्धांत तो आहे, आणि सेना-पोलीस दलांच्या नेमबाजांत त्याची कदर आहे. तरी त्याच्यासाठी आज वेगळे पूर्ण पिस्तूल घेणे म्हणजे लहान बाजारात मोठे दुकान टाकणे होय.

दुसरीकडे .२२ ची बाजू पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवन विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदके मिळवली. विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचे रौप्य मिळवले. ही पदके .२२ वर आली आहेत. बाजार जेथे आहे, माल तेथला घ्यावा.

कारागीर बांधवांसाठी

आता आमच्या खरादी, फिटर आणि लाकूडकाम करणाऱ्या बांधवांकडे वळतो. नागपुरात लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम काढणारे हात आहेत. उद्या कोणी गिऱ्हाईक येईल आणि म्हणेल, 'उस्ताद, ही नळी जरा सैल बसते, एक बुश काढून द्या', किंवा 'हा बोल्ट थोडा घासून द्या'. काम दहा मिनिटांचे असेल आणि मजुरी चांगली असेल. तरीही हात लावू नये.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे आणि तपासणे, यांतील प्रत्येक कामाला स्वतंत्र परवाना लागतो. गिऱ्हाइकाकडे पिस्तुलाचा परवाना आहे, याने कारागिराला संरक्षण मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती आणि तत्सम गुन्ह्यांना किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शंभर-दोनशे रुपयांच्या बुशसाठी आयुष्याची कमाई आणि घराची इज्जत पणाला लावणे हा धंदा नव्हे.

दुसरी गोष्ट, कोणाचेही पिस्तूल 'उद्या घेऊन जातो' म्हणून दुकानात ठेवून घेऊ नये. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानेच दुसऱ्याला ते दुरुस्तीसाठी नेता येते, आणि तेही परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच. तोंडी भरवशावर ठेवलेली अशी अमानत झडतीच्या वेळी गुन्हा ठरते.

ज्यांना या कामात खरोखर रस आहे त्यांना सरळ वाट मोकळी आहे. शस्त्र दुरुस्तीचा परवाना घ्यावा किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे नोकरीला लागावे. हवेच्या पिस्तुलांची पेटी, कापडी थैली, नेमबाजाचे टेबल, लक्ष्य लावायच्या चौकटी, गोळी अडवायची पेटी, ही कामे सुतार, शिंपी आणि लोहार यांची आहेत आणि त्यांना शस्त्राचा परवाना लागत नाही. जिथे दहा मीटरची रेंज सुरू होते तिथे ही मागणी असते. परदेशी वस्तूची वाट पाहणारे गिऱ्हाईक जवळच्या चांगल्या कारागिराकडे आनंदाने येते.

मग घ्यावे काय

मुलीसाठी घ्यायचे असेल तर प्रश्नच उरत नाही. तिच्या पंचवीस मीटरच्या प्रकारात .२२ च लागते. जोडीचा जादा पैसा काडतुसांवर आणि प्रवासावर खर्च करावा.

मुलगा नवा असेल तर आधी एकच .२२ घ्यावे. त्यावर स्टँडर्ड आणि रॅपिड फायर दोन्ही खेळून पाहता येतात. मात्र निवडताना विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : याच फ्रेमवर पुढे .३२ चा वरचा भाग बसतो का, आणि तो आजही बनतो का? सर्वच .२२ पिस्तुलांवर तो बसत नाही. उत्तर 'हो' असेल तर वाट उघडी राहिली, आणि आज एक पैसाही जादा गेला नाही.

सेंटर फायरमध्ये राज्य पातळीवर गुण येऊ लागले आणि परवान्यात किंवा खिशात एकच जागा असेल, तर वरचा भाग घ्यावा. त्याबरोबर स्प्रिंगांचा जादा संच आणि एक जादा मॅगझिन घ्यायला विसरू नये.

खेळाडू राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर आला असेल, तर मात्र वेगळे दुसरे पिस्तूल घ्यावे, आणि ते .३२ चे नव्हे, आधी .२२ चे. ज्या कामावर पोट भरते त्या कामाचे हत्यार दुहेरी असावे. हौसेच्या कामाचे जोडावर भागते. आपले जुने कारागीर रोजच्या वापराचा रंधा आणि पटाशी दोन-दोन ठेवत आणि क्वचित लागणारे हत्यार शेजाऱ्याकडून मागून आणत, त्यात हेच शहाणपण होते.

शेवटी, मालाआधी रेंज पाहावी. खऱ्या गोळीचा सराव मंजूर रेंजवरच होतो. आठवड्यातून किती दिवस तेथे जाता येईल, हे मोजल्याशिवाय पिस्तुलाचा भाव विचारू नये. कपाटात बंद राहिलेले पिस्तूल एक बोअरचे असो की दोन, ते अडकलेले भांडवलच असते.